मोहाच्या वाटेवरचं अस्वल, सकाळची शाळा आणि थोडी भीती

औशाचा_मास्तर (धागाकर्ता) | २८ मार्च, रात्री ९:४०

मंडळी नमस्कार. मी मूळचा औसा तालुक्यातला. आमच्या लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही, त्यामुळं रान म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं तुरीचं शेत येतं. दोन वर्षांपूर्वी बदली झाली आणि किनवट तालुक्यातल्या एका तांड्यावर आलो. इथं साग, मोह, तेंदू, बहावा. आणि मधूनच अशी शांतता की स्वतःच्या चपलेचा आवाज ऐकून दचकावं.

परवा शाळेच्या बोअरजवळच्या चिखलात एक पाऊल उमटलेलं दिसलं. अनवाणी माणसाचं वाटावं असं, जरा आखूड, टाच नीट दाबलेली. मला वाटलं कुणी पोरगं पाण्याला आलं असेल. चौथीतली एक मुलगी वाकून म्हणाली, "गुरुजी, ते मागचं हाय. त्याच्या म्होरलं बगा की." पुढचं पाऊल रुंद होतं, टाच नाहीच, आणि बोटांच्या पुढं चांगलं चार बोटं अंतर सोडून पाच भोकं. नखांची. पोरं हसायली, मला घाम.

आज पहाटे साडेसहाला नाल्याच्या उतारावर दुचाकी बंद पडली म्हणून ढकलत होतो. मोहाच्या झाडाखाली काळं काहीतरी हललं. म्हैस वाटली. मग त्या म्हशीच्या पाठीवर अजून दोन काळी गाठोडी दिसली आणि त्यातल्या एकानं मान वर केली. मला कळेपर्यंत ती मादी मागच्या दोन पायांवर उभी राहिली होती. चाळीस पावलांवर. छातीवर पांढुरका पट्टा, इंग्रजी व्ही काढल्यासारखा. मी दुचाकी धरून तसाच. तिनं नाक वर करून दोनदा हवा ओढली, मोठ्यानं फुसकारली, खाली बसली आणि पिल्लांसकट नाल्यात उतरून गेली.

आता प्रश्न. मार्चपासून आमची शाळा सकाळची. पलीकडच्या वस्तीवरची अकरा लेकरं त्याच वाटेनं दीड किलोमीटर चालत येतात. ती उभी राहिली म्हणजे हल्ला करणार होती का? वन विभागाला सांगून पकडायला लावावं का? जाणकारांनी सांगावं.

---

टवाळ_परभणीकर | २८ मार्च, रात्री ९:५८

मास्तर, तीन नवीन विद्यार्थी आलेत तर हजेरीपटावर घ्या की. पटसंख्या वाढली तर तुमचीच शाळा वाचेल.

(गंमत सोडा, जपून राहा.)

---

बीटगार्ड_निवृत्त | २८ मार्च, रात्री १०:३०

गुरुजी, मी एकतीस वर्षं जंगलात काढली. माहूर, किनवट, पैनगंगा अभयारण्याचा पट्टा, सगळं पायानं फिरलोय. लिहिण्याची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

उभं राहिलं म्हणजे अंगावर आलं, हे सिनेमातलं. अस्वलाची नजर अधू. कानही फार तिखट नाहीत. त्याचं सगळं चालतं ते नाकावर. समोर काहीतरी हाय पण काय हाय ते कळंना, म्हणून ते उंच होऊन वास घेतं. तिला तुमचा वास लागला, ती गेली. तुम्ही पळाला नाहीत ते फार बरं केलंत. पळालात तर ते मागं लागतं, आणि माणूस अस्वलाच्या पुढं पळू शकत नाही, उतारावरही नाही. ते केस डोळ्यांवर येतात, उतारावर त्याला दिसत नाही वगैरे लोक सांगतात, त्याच्यावर जीव टांगू नका.

खरी भानगड अशी हाय की अस्वल खाताना खाली मुंडकं घालून खातं. वारूळ फोडायलं की आपल्याच नादात. आपण बोलत नाही, चपला वाजत नाहीत, आणि दहा पावलांवर एकमेकांच्या पुढं उभं राहतो. तेव्हा ते घाबरून अंगावर येतं. माणूस खायला येत नाही. पण येतं ते तोंडावर आणि डोक्यावर येतं, आणि त्याची नखं तुम्ही चिखलात बघितलीच.

म्हणून पोरांना सांगा, गप चालायचं नाही. पाढे म्हणत या म्हणावं. मोठं माणूस पुढं, हातात काठी, काठीला घुंगरू बांधा. दिवस नीट उगवल्याशिवाय नाल्यात उतरू नका. एवढं करूनही अंगावर आलंच तर पालथं पडायचं, दोन्ही हात मानेमागं, तोंड मातीत. पाठ फाटली तर टाके पडतात. तोंड गेलं की माणूस जन्मभर आरशात बघत नाही.

पकडायचं म्हणाल तर, पकडून न्यायचं कुठं? तिचं घर तेच हाय. १९२६ नंबरला फोन करून नोंद मात्र करून ठेवा.

---

गोदाकाठ_ते_अ‍ॅशविल | २८ मार्च, रात्री ११:१२

मूळ नांदेडचा, आता बारा वर्षं अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात. आमच्या गावात अस्वलं गल्लीतून फिरतात म्हटलं तर आईला अजून पटत नाही. ही अमेरिकी काळी अस्वलं. कचऱ्याच्या डब्यांना खास कुलपं लावावी लागतात, नाहीतर सकाळी अंगणभर उकिरडा.

इथलं अस्वल हिवाळ्यात झोपतं, ते सगळ्यांनी शाळेत वाचलंय. पण मला चक्रावून टाकणारी गोष्ट वेगळीच आहे. जूनच्या सुमारास त्यांचं मीलन होतं, गर्भ राहतो आणि तिथंच थांबतो. वाढतच नाही. सगळा पावसाळी-शरद काळ ती खात सुटते, ओकची फळं, बोरासारखी रानफळं, काय मिळेल ते. नोव्हेंबरात अंगावर पुरेशी चरबी असेल तर गर्भ रुजतो. नसेल तर नाही. म्हणजे डोहाळे आधी, गर्भ मागून! जानेवारी-फेब्रुवारीत गुहेत पिल्लं होतात, अर्धा किलोचीसुद्धा नसतात, आणि आई त्यांना दूध पाजते ते स्वतः काही न खाता. उत्तरेकडच्या थंडीत पाच-सहा महिने खाणं नाही, पाणी नाही, लघवी नाही. लघवीतून जे बाहेर जायचं, त्याचंच शरीर पुन्हा प्रथिन बनवतं. आमच्याकडं दक्षिणेत थंडी कमी, म्हणून झोपही तुटक. पण गाभण मादी गुहेत जातेच.

मास्तर, तुम्ही पाठीवरची पिल्लं पाहिलीत म्हणून विचारतो. इथं आई धोका दिसला की पिल्लांना झाडावर चढवते. एक हुंकार दिला की दोन्ही सरसर शेंड्याला. पाठीवर बसलेलं मी कधीच पाहिलं नाही. आपल्याकडं असं का?

आणि हो, इथं शिकवतात की काळं अस्वल समोर आलं तर हात पसरून मोठं दिसायचं, ओरडायचं, आणि अंगावर आलंच तर मेल्याचं सोंग न घेता प्रतिकार करायचा.

---

बीटगार्ड_निवृत्त | २८ मार्च, रात्री ११:२०

साहेब, ते तुमच्याकडचं तुमच्याकडं ठेवा. गुरुजी, अस्वलावर ओरडत हात पसरून जाऊ नका बरं का!

---

वारूळ | २९ मार्च, सकाळी ८:०५

नांदेडात प्राणिशास्त्र शिकवते. दादांचा झाड-पाठ प्रश्न मला फार आवडला, म्हणून जरा लांबण लावते.

रंग काळा म्हणून दोन्ही 'काळी अस्वलं', पण संसार वेगळे. अमेरिकेतल्या अस्वलाची वाढ घनदाट जंगलात झाली. तिथं संकट आलं की झाड हा किल्ला. आपलं अस्वल शतकानुशतकं विरळ झाडीत, गवताळ माळावर, वाघ आणि बिबट्याच्या शेजारात राहिलं. बिबट्यापुढं झाडाचा काय उपयोग? तो मागोमाग वर येतो. म्हणून आपल्या अस्वलिणीनं पिल्लांना स्वतःच्या पाठीवर घेतलं आणि पळण्याऐवजी उभं राहून भांडायचं ठरवलं. खांद्यावरचे लांब केस म्हणजे पिल्लांची मूठ. चढता येत नाही असं नाही हं, मधासाठी झाडावर छान चढतं. जीव वाचवायला मात्र चढत नाही. माणसावरही ते पटकन अंगावर येतं त्याची मुळं इथंच आहेत, असं अभ्यासक मानतात. वाघासाठी शिकलेला धडा ते आपल्यावर गिरवतं.

मास्तरांनी पाहिलेली पिल्लं साधारण तीन महिन्यांची असावीत. डिसेंबर-जानेवारीत कपारीत किंवा खोदलेल्या बिळात जन्मतात, डोळे मिटलेले, ते उघडायला तीनेक आठवडे. दोन-अडीच महिने आई त्यांना बाहेर काढत नाही. म्हणजे ही दोघं नुकतीच जग बघायला निघालीयेत आणि त्यांनी पाहिलेला बहुधा पहिला माणूस दुचाकी ढकलणारा मास्तर! आई त्यांना दोन-अडीच वर्षं सांभाळेल, निम्म्याहून कमी काळ पाठीवर. बाप संसारात नसतो.

आपल्याकडं हिवाळी झोप नाही. त्याची गरजच काय, वाळवी बारा महिने. वाळवी खाण्याचं यंत्र बघा. वरचे मधले दोन पुढचे दात नसतात, तिथं फट. ओठ लांब आणि पुढं काढता येतात, नाकपुड्या हवं तेव्हा बंद होतात. नखांनी वारूळ फोडायचं, फुंकर मारून माती उडवायची आणि ओठांची नळी करून सुर्रकन ओढायचं. तो आवाज शांत रानात शंभर-दीडशे मीटरवर ऐकू येतो.

---

शब्दवेल्हाळ | २९ मार्च, सकाळी ९:१५

एक दुरुस्ती सगळ्यांसाठी. काही पुस्तकांत या अस्वलाला 'आळशी अस्वल' म्हटलेलं असतं. इंग्रजीत याला 'स्लॉथ बेअर' म्हणतात, आणि त्यातला स्लॉथ म्हणजे दक्षिण अमेरिकेत झाडाला लोंबकळणारा प्राणी. १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गतज्ज्ञानं लांब नखं आणि नसलेले दात पाहून आपल्या अस्वलाला त्याच्याच कुळात घातलं. चूक पुढं सुधारली, पण नाव चिकटलं. रात्रभर वारुळं उकरणाऱ्या प्राण्याला आळशी म्हणणं हा अन्याय आहे.

---

टवाळ_परभणीकर | २९ मार्च, सकाळी ९:२१

म्हणजे माझ्या नावातही काहीतरी चूक झाली असावी. घरी दाखवतो हा प्रतिसाद.

---

मोहफूल | २९ मार्च, दुपारी १:४०

माहूर तालुक्यातली आहे, सध्या नोकरीला पुण्यात. धागा छान चाललाय, पण एक बाजू राहतेय.

आमची आई अजून मोह वेचते. फूल पहाटे गळतं. उशीर केला की गुरं खातात, हरणं खातात, आणि ऊन लागलं की सुकतं. म्हणून बाया अंधारात जातात. त्याच वेळी, त्याच झाडाखाली, तेच फूल खायला अस्वल. दोघांचंही पोट त्या पंधरा-वीस दिवसांवर. तेंदूपत्त्याचा हंगाम लगेच त्याला लागून. 'दिवस उगवल्याशिवाय जाऊ नका' हे सांगणं सोपं आहे काका, तोवर झाडाखाली काही उरत नाही.

माझ्या मामांवर मोहाखालीच हल्ला झाला होता. मी सहावीत होते. एक डोळा गेला, टाळूवर अजून केस येत नाहीत. भरपाईसाठी एका कार्यालयात इतके खेटे घातले की शेवटी मामाच म्हणाले, अस्वलानं एकदाच ओरबाडलं. त्यामुळं कुणी 'बिचारं अस्वल' म्हणालं की माझ्या घशात अडकतं.

पण हेही सांगते, मामा त्या अस्वलाला शिव्या देत नाहीत. म्हणतात, "म्या वाकलेलो, ते वाकलेलं. दोघांची टक्कर झाली." आमच्याकडं बाया आता एकट्या जात नाहीत. पाच-सहा जणी, हाका मारत, बॅटरी मारत. आधी लांबूनच झाडाखाली दगड भिरकावतात, थांबतात, ऐकतात, मग टोपली खाली ठेवतात.

आणि ते मोह खाऊन अस्वल झिंगतं वगैरे... ताज्या फुलात साखर असते, दारू नसते. दारू माणसं करतात.

---

औशाचा_मास्तर | २९ मार्च, दुपारी २:३०

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'पकडायला लावावं का' हे मी फार सहज लिहून गेलो, आणि तिकडं तुमच्या मामांना राग नाही. पुढं काय लिहावं सुचत नाही. मामांना नमस्कार सांगा.

---

कन्नडकर | २९ मार्च, सायंकाळी ६:१०

मराठवाड्यात अस्वल म्हणजे फक्त किनवट नाही, मंडळी. आमच्या कन्नडला गौताळा-औट्रम घाट अभयारण्य आहे, १९८६ सालचं, अडीचशे चौरस किलोमीटरच्या वर. अजिंठ्याच्या डोंगररांगेत पितळखोऱ्याच्या बाजूनं दगडाच्या अशा कपारी आहेत की अस्वलाला घर शोधावं लागत नाही. तीच रांग पुढं बुलढाण्यात ज्ञानगंगा अभयारण्याकडं जाते, तिथं अस्वलं पुष्कळ.

आमच्याकडं भांडण मक्यावरून. कणीस दुधात आलं की रात्री येतं, चार कणसं खातं आणि चाळीस मोडतं. माझ्या चुलत्यानं मचाण बांधलं, पत्र्याचा डबा वाजवला, गाणी लावली. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो शेताच्या कडेची झुडपं काढून दोन वाव मोकळी पट्टी ठेवल्याचा. उघड्यावर यायला ते कचरतं, असा आमचा अनुभव.

वाघाचं निघालंय म्हणून आठवलं. २०१९ साली यवतमाळातल्या टिपेश्वर अभयारण्याचा एक गळपट्टावाला (रेडिओ कॉलर लावलेला) वाघ तेराशे किलोमीटरच्या वर चालून ज्ञानगंगेत पोचला होता, तोही आपल्या नांदेड-हिंगोलीच्या शेतांतून. तो कसा लपतछपत गेला असेल! अस्वलालाही असेच नाले आणि झाडीचे तुकडे लागतात. नाला सपाट करून सोयाबीन पेरलं की ते आपल्या बांधावर येणारच.

---

उदगिरी_आजोबा | २९ मार्च, रात्री ८:४५

आमच्या उदगीरकडं कानडी जवळ, त्यामुळं आजी अस्वलाला 'करडी' म्हणायची. जंगल नव्हतं तरी अस्वल मात्र ठाऊक होतं, कारण दरवेशी घेऊन यायचा. डमरू वाजला की आम्ही पोरं धावायचो. आजारी लेकराला, दचकणाऱ्या लेकराला अस्वलाच्या पाठीवर बसवायचे, चार आणे द्यायचे. वर त्याचा एक केस उपटून ताईतात. मलाही बसवलं होतं. अंगाला उग्र वास होता आणि नाकात दोरी होती, ती ओली होती. ती ओली का होती हे फार उशिरा कळलं. लहानपणीच पकडून नाकातून तापलेली सळई घालत, दात पाडत. त्या पिल्लासाठी आधी आई मारावी लागे, कारण ती पिल्लू सोडत नाही.

१९९८ साली सरकारनं अस्वलांच्या खेळावर बंदीची अधिसूचना काढली, तरी ती सगळी सुटायला २००९ उजाडलं. दरवेशी लोकही पोटासाठीच करत होते, त्यांना दुसरे धंदे लावून दिले तेव्हा ते थांबलं. आज पाठीवरच्या पिल्लांचं वाचलं आणि मी बसलो होतो ती पाठ आठवली.

---

फौजी_हिंगोली | ३० मार्च, सकाळी ७:००

काश्मिरात होतो तेव्हा तिथलं काळं अस्वल बघितलं. छातीवर चंद्रकोर, कान मोठे गोल, केस आपल्यापेक्षा आखूड. अक्रोडाच्या झाडावर बसून फांद्या मोडून स्वतःखाली घालतं, खाटेसारखं. थंडीत झोपतं. आमच्या लंगरचा तेलाचा डबा मात्र झोपायच्या आधी नेला.

---

औशाचा_मास्तर | ९ एप्रिल, रात्री ९:०५

थोडी खबर. पालकांची सभा घेतली. वस्तीवरच्या दोन-दोन माणसांची पाळी लागली. घुंगरू बैलाच्या जुन्या चाळातले, ते काठीला बांधले. पोरं सतराचा पाढा म्हणत येतात, म्हणजे वाटेवरच्या सगळ्या जनावरांचा सतराचा पाढा पाठ झाला असेल. वरून परवानगी घेऊन शाळा अर्धा तास उशिरा. मोह वेचणाऱ्या बायांशी बोललो तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "गुरुजी, ती दरसाल येतीया. तुमीच नवे हाव."

एक विचित्र प्रश्न: नाल्याच्या वाटेवर विष्ठा सापडली. पोरं म्हणतात तिचीच. काळसर, आत मुंग्यांची डोकी आणि चपट्या चकचकीत बिया. कसल्या?

---

वारूळ | ९ एप्रिल, रात्री ९:३०

बहावा! त्याच्या दांडक्यासारख्या शेंगांतला काळा गर अस्वलाला फार आवडतो. बियांचं कवच इतकं टणक की एरवी पेरल्या तर वर्षभर तशाच पडून राहतात. पोटातून गेल्या की लवकर उगवतात. बोर, जांभूळ, तेंदू यांचंही बी ते असंच लांबवर टाकत जातं. काडीनं दहा-बारा बिया काढा, हात धुवा, आणि पोरांना पेरायला द्या. शेजारी झाडावरच्या शेंगेतल्या तेवढ्याच बियाही पेरा. बघा काय होतं ते.

---

मोहफूल | ९ एप्रिल, रात्री १०:००

मास्तर, हे मात्र फोटोसकट हवं.

---

औशाचा_मास्तर | १४ जुलै, सायंकाळी ७:२०

धागा वर काढतोय. तेलाचे दोन डबे कापून बाराबारा बिया लावल्या होत्या. एकावर पोरांनी खडूनं 'झाड' लिहिलं, दुसऱ्यावर 'अस्वल'. पाऊस आमच्याकडं उशिरा आला. आजच्या घडीला 'झाड' डब्यात एक कोंब, 'अस्वल' डब्यात सात. सगळ्यात उंच वीतभर झालाय. बाराच बियांचा प्रयोग आहे, वारूळताई रागावतील, पण चौथीतली ती मुलगी आता पाचवीत गेली तरी रोज येऊन मोजते.

त्या अस्वलिणीला पुन्हा कुणी पाहिलं नाही. मागच्या आठवड्यात चिखलात पावलं होती, मोठ्या पावलांशेजारी एकाच जोडीची लहान. दुसरं पाठीवर असेल असं पोरांचं म्हणणं.

---

बीटगार्ड_निवृत्त | १४ जुलै, रात्री ८:०२

असेल की. सात महिन्यांचं पिल्लू अजून बसतंय पाठीवर.

रोपं पुढच्या पावसाळ्यापर्यंत डब्यात ठेवू नका, मूळ खाली जातं त्याचं. या पंधरवड्यात लावा, आणि आधी काट्याचं कुंपण करा. अस्वल त्याला हात लावत नाही, तांड्यावरच्या शेळ्या सोडत नाहीत.